डब्यातला कुपा आणि सातपुड्याचं आमचूर

तोरणमाळच्या यशवंत तलावाजवळच्या खाणावळीत ट्यूनाचा डबा पोचतो तो पर्यटकांच्या पिशवीतून. पुण्या-नाशकाची किंवा सुरतेकडची मंडळी शहादा मागे टाकून सात पायरीचा घाट चढतात, तेव्हा सोबत ब्रेड, दोन-तीन डबे आणि मेयोनीजचं एखादं पाकीट असतं. बंद डबा दोन-तीन वर्षं काही मागत नाही. मेयोनीजचं पाकीट मात्र एकदा कापलं की त्याला फ्रीज लागतो, आणि सातपुड्याच्या माथ्यावर साडेअकराशे मीटरच्या आसपास वसलेल्या गावात फ्रीजच्या भरवशावर कुणी बेत आखत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरतो तो डबा आणि वाळत चाललेला ब्रेड. मग तो डबा खाणावळीच्या चुलीपुढे जातो. "मावशी, याचं काही करता येईल का?"

मावशी आधी बोटांनी मासा दाबून बघतात. पाण्यातून काढलेला तो तुकडा वरून ओला दिसतो, पण चिमटीत धरला की भुगा होतो. तोंडात टाकला तर दोन घास चावेपर्यंत जीभ कोरडी. पाण्यात बुडून राहिलेला मासा कोरडा कसा, याचं उत्तर कारखान्यात आहे.

डब्यात असतो तो बहुतेक वेळा कुपा; कोकणात कुठे त्याला गेदरही म्हणतात. हा सतत पोहणारा, अंगावर चरबी न धरणारा मासा. कारखान्यात तो आधी वाफेवर शिजवतात, कातडं, काटे आणि काळपट मांस काढून टाकतात, उरलेलं पांढरट मांस डब्यात भरतात, वर पाणी किंवा तेल ओतून झाकण बंद करतात आणि अख्खा डबा पुन्हा 115 ते 121 अंशांवर तापवतात. जंतू मारायला हे दुसरं तापवणं अटळ आहे. पण मासा दोनदा शिजतो. प्रथिनं आकसतात, स्वतःत धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि पाण्यातल्या डब्यात शंभर ग्रॅम मांसामागे चरबी जेमतेम एक-दोन ग्रॅम उरते. बाहेरचं पाणी धाग्यांच्या फटींत शिरतं खरं, पण जिभेला जो ओलावा जाणवतो त्यात स्निग्धतेचा वाटा मोठा असतो, आणि तीच इथे नाही.

मेयोनीज नेमकी हीच उणीव भरून काढतं. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास किंवा जास्तच तेल असतं, ते अंड्याच्या बलकाने व्हिनेगरच्या पाण्यात बांधून ठेवलेलं. म्हणजे एका चमच्यात तेल, आंबट आणि ते दोन्ही एकत्र धरून ठेवणारं काहीतरी. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या भीतीने. आपल्याकडच्या दुकानांतली बरीचशी पाकिटं तशीही बिनअंड्याचीच असतात. त्यांची चव इतकी गोडसर का, हा प्रश्न त्या कंपन्यांना कुणीतरी विचारायला हवा.

तेल, आंबट आणि बांधून ठेवणारं काहीतरी, या तिन्ही गोष्टी सातपुड्यातल्या स्वयंपाकघरात वेगवेगळ्या डब्यांत आधीपासून आहेत. शिवाय कोरड्या माशाची सवयही आहे. समुद्र इथून लांब. मासा आणि डोंगर यांचं नातं दाखवायचंच तर तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आहे, आणि नाथांची कथा माशाच्या पोटातूनच सुरू होते. ताटातली समुद्रातली मासळी मात्र आठवडे बाजारातून येते, तीही वाळलेली: बोंबील, सुकट. पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर वाळलेले बोंबील खान्देशातल्या बाजारांत गोणपाटावर पसरलेले असतात. ते घरी आणले की डोकं-शेपटी मोडायची, तव्यावर कोरडेच परतायचे, मग गरम पाण्यात टाकून वाळू चोळून काढायची आणि कांदा-लसूण-मिरचीत पाण्याचा हबका मारत शिजवायचे.

डबा हाती आला की पहिला मोह हाच होतो: तव्यावर टाका, परता, पाणी मारा. इथेच गाडी चुकते. वाळलेला बोंबील कच्चा असतो. त्याला पाणी आणि आच दोन्ही हवं. डब्यातला कुपा आधीच दोनदा शिजलाय. तिसऱ्यांदा आच लागली की तो रबरासारखा होतो. डोंगरावर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ घेते. डब्याला तीही अडचण नाही, कारण त्याला शिजवायचंच नसतं.

म्हणून खाणावळीतला क्रम उलटा चालतो. आधी डब्यातलं पाणी वाटीत काढून ठेवायचं. ते फेकून देणारे पुष्कळ भेटतात, पण त्यात मीठ असतं आणि माशाचा रसही. त्याच पाण्यात आमचूर भिजतं.

आमचूर हा या भागाचा उन्हाळ्यातला उद्योग आहे. धडगाव तालुक्यात पाड्यापाड्यांवर गावठी आंब्याची झाडं आहेत. एप्रिल-मे महिन्यांत कैऱ्या उतरवल्या की घरातली सगळी माणसं सोलायला आणि चिरायला बसतात, आणि अंगणात, खडकावर, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे फोडींचे पांढरे-पिवळे थर पसरलेले दिसतात. ऊन चांगलं असलं तर फोडी पांढरट राहतात. मध्येच वळवाचा पाऊस आला तर काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. वर्षभराच्या मेहनतीत हाती रोख पैसा येण्याचे जे थोडे मोके असतात, त्यातला हा एक. शहरात मिळणारी आमचुराची भुकटी याच फोडींची. इथे मात्र फोडच वापरतात, आणि डब्यातल्या माशासाठी ते बरंच आहे. कोरडी भुकटी माशावर भुरभुरली तर उरलासुरला ओलावा ती स्वतःच पिऊन टाकते. फोडी पंधरा-वीस मिनिटं भिजल्या की मऊ होतात, बोटांनी कुस्करता येतात, आणि पाण्याला लिंबापेक्षा जाड, किंचित तुरट आंबटपणा येतो.

तोवर शेंगदाणे. भाजलेले, टरफल पाखडलेले, पाट्यावर लसूण आणि भाजलेल्या लाल मिरचीबरोबर वाटलेले. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, त्यामुळे वरवंटा फिरू लागला की कूट हळूहळू ओलं दिसायला लागतं. आता आमचुराचं पाणी घालायचं, पण चमच्याचमच्यानेच. पहिल्या चमच्याला वाटण सैल होण्याऐवजी एकदम घट्ट होतं, पाट्याला चिकटतं. नवखा माणूस इथे घाबरून भसकन पाणी ओततो. मावशी ओतत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला तेच वाटण फिकट पडतं आणि सायीसारखं वाहू लागतं. शेंगदाण्यातली प्रथिनं इथे अंड्याच्या बलकाचं काम करतात: तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात. मेयोनीजची जागा भरते ती या टप्प्यावर.

मासा अजून बाजूलाच आहे. तो पिळून कोरडा करून बोटांनी मोकळा केलेला, पण भुगा न केलेला. पाकळ्या शाबूत राहिल्या तर दोन पाकळ्यांमध्ये मसाला शिरायला फट उरते. कढईत शेंगदाण्याचं तेल, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण रंगावर आला की कढई चुलीवरून खाली. मग लाल तिखट, नंदुरबारच्या बाजारातल्या मिरचीचं. आणि ते करपलं नाही याची खात्री झाल्यावर मासा. आच नाही, फक्त हलवणं. कोमट तेल धाग्यांत उतरतं. थोडा वेळ झाकून ठेवायचं, मग वाटण, मग चिरलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. डब्याने आपला वाटा आधीच उचललेला असतो आणि बऱ्याचदा वेगळं मीठ लागतच नाही. तेलातला डबा असेल तर वेगळं तेल कशाला? माशाचा वास त्याच तेलात उतरलेला असतो, फोडणी त्याचीच करायची.

खान्देशी माणसाला ही रीत ओळखीची वाटेल, कारण भरताचीही जवळपास हीच आहे: शिजलेली गोष्ट, वरून तेल, मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात.

जिथे हा मासा रोजचा आहे तिथली माणसंही मेयोनीजच्या वाटेला जात नाहीत. मालदीवमध्ये सकाळच्या न्याहारीला मास हुनी असते: कुप्याचा चुरा, खवलेला ओला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, हाताने चुरून एकजीव केलेलं, आणि सोबत रोशी नावाची पोळी. तिथे स्निग्धता नारळाची. ट्युनिशियात ती ऑलिव्ह तेलाची आणि तिखटपणा हरिसा या मिरचीच्या वाटणाचा. इटलीत पांढऱ्या घेवड्याचे शिजलेले दाणे आणि ऑलिव्ह तेल. दाण्यांचा पिठूळपणा मासा बांधून ठेवतो. आपल्याकडे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर 1969 पासून ट्यूनाचा कारखाना आहे, पण खान्देशातल्या किराणा दुकानात तो डबा शोधायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील.

शहरात मेयोनीजऐवजी हमखास सुचवला जातो तो चक्का. त्यात आंबटपणा आहे, दाटपणाही आहे, पण साध्या दह्याच्या चक्क्यात चरबी बेताचीच, आणि मीठ-कांदा पडला की अर्ध्या तासात त्याला पाणी सुटतं. चमचाभर तेल किंवा मूठभर कूट घातलं तर तो निभावतो. दही आणि मासळी एका ताटात नको म्हणणारी घरंही पुष्कळ आहेत. तिथे हा वाद उकरून काढण्यात अर्थ नाही. अव्होकाडोबद्दल तर घाटाखालीच बोललेलं बरं.

पावसाळ्यात आमचुराच्या जोडीला अंबाडी येते. कोवळा पाला तेलात परतला की गोळा होतो, आपला आंबट रस सोडतो आणि माशाला तसाच धरून ठेवतो. तेव्हा कूट निम्मं पुरतं. ब्रेडमध्ये भरायचं तर मिश्रण घट्ट ठेवतात, नाहीतर तळाची स्लाइस ओली होऊन फाटते. मक्याच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर उलट. भाकरी गरम आणि कोरडी असते, रस ओढून घेते, म्हणून वाटीतलं उरलेलं आमचुराचं पाणी शेवटी वरून ओततात. डबा एकदा उघडला की त्यातलं सगळं स्टीलच्या भांड्यात काढायचं आणि त्याच जेवणाला संपवायचं, कारण फ्रीजचा प्रश्न माशालाही आहेच.