निओप्रीनचे हातमोजे (शीतजल नौकानयन)

निओप्रीनचे हातमोजे म्हणजे थंड पाण्यात कयाक, कनू यांसारख्या हाताने वल्हवायच्या नावा चालवताना बोटांची ऊब व पकड टिकून राहावी यासाठी वापरले जाणारे, फेसाळ कृत्रिम रबराचे हातमोजे होत. स्कॉटलंड, नॉर्वे, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग येथील नाविकांच्या साहित्यात त्यांचे स्थान तरंगजाकिटाच्या खालोखाल मानले जाते. फारसीत ‘मोजा’ हा शब्द पायात घालावयाच्या वस्तूचा वाचक आहे. मराठीने त्याला ‘हात’ जोडून नवा शब्द घडवला. मात्र ‘हातमोजे’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहणारे लोकरीचे मोजे येथे निरुपयोगी ठरतात, कारण भिजलेली लोकर वाऱ्यात हाताची उष्णता फार काळ धरून ठेवू शकत नाही.

हात आधी का निकामी होतात

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीर गारठू लागले की हृदय, मेंदू आदी मर्मावयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटांकडे जाणारे रक्त घटते. बोटे बारीक व दंडगोलाकार असल्याने त्यांच्या आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे ती सर्वांत आधी थंड होतात. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५° सेल्सिअसच्या खाली गेले की गाठ सोडणे, बक्कल उघडणे यांसारखी कामे अवघड होऊ लागतात. ते आणखी उतरून ८°च्या आसपास आले की स्पर्शज्ञानही मोठ्या प्रमाणात नाहीसे होते.

मॅनिटोबा विद्यापीठातील संशोधक गॉर्डन गिसब्रेश्ट यांनी बर्फासारख्या थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी ‘१-१०-१’ असा ठोकताळा लोकांपुढे ठेवला. श्वास ताब्यात आणण्यास एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्यास दहा मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास, असा त्याचा अर्थ. कयाक चालवणाऱ्याच्या दृष्टीने यातील मधला आकडा निर्णायक असतो. नाव उलटल्यावर कमरेभोवतीचा स्प्रे स्कर्ट सोडवण्यासाठी त्याच्या पुढच्या टोकाचा पट्टा बोटांनी शोधून ओढावा लागतो. त्यानंतर वल्हे सांभाळणे, नाव सुलटी करणे, तिच्यावर पुन्हा चढणे ही सर्व कामे हातांचीच. माणूस शुद्धीवर आहे, पोहता येते, तरंगजाकीटही अंगात आहे. तरी मूठ वळत नसेल तर तो नावेत परतू शकत नाही. मोज्यांची निवड म्हणूनच सोयीपुरती मर्यादित राहत नाही.

पदार्थ व इतिहास

निओप्रीन (रासायनिक नाव पॉलिक्लोरोप्रीन) हे रबर १९३० मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरदर्स यांच्या संशोधनगटात तयार झाले. १९५०च्या दशकाच्या आरंभी बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी त्याच्या फेसाळ रूपाचा उपयोग पाणबुड्यांच्या पोशाखासाठी सुचवला. मोजा व त्वचा यांमध्ये शिरलेले पाणी ऊब देते, ही समजूत अजूनही सर्रास आढळते. ती अपुरी आहे. ऊब टिकते ती मुख्यतः रबरातील असंख्य बंद बुडबुड्यांमुळे. आत शिरलेले पाणी शरीराच्या उष्णतेने कोमट होते इतकेच, आणि तेही सतत बदलत राहिले तर उष्णता घेऊनच बाहेर पडते.

याहून फार जुनी परंपरा ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. कयाकमध्ये ते सीलच्या कातड्याचे, दोन अंगठ्यांचे मोजे वापरीत. एक बाजू भिजली वा झिजली की मोजा फिरवून दुसरी बाजू तळव्याकडे आणता येई.

जाडीची निवड

नवखा मनुष्य हवेचे तापमान पाहून मोजे निवडतो. पाहावयास हवे ते पाण्याचे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्यात अंगावर ऊन येते, पण समुद्र तेव्हा नुकताच हिवाळ्यातून बाहेर पडलेला असतो. सुपीरियर सरोवराच्या मध्यभागाचे पाणी जूनमध्येही चार-पाच अंशांच्या आसपास असू शकते.

ढोबळमानाने, पाणी १५°च्या वर असेल तर बहुतेकांना मोज्यांची गरज भासत नाही. १० ते १५°च्या पाण्यात दीड ते दोन मिलिमीटर, त्याखाली तीन मिलिमीटर आणि ५°च्या खाली पाच मिलिमीटर जाडी सोयीची ठरते. ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात (रेनोची व्याधी), त्यांनी एक पायरी जाड घेणे बरे. पण जास्त जाड म्हणजे अधिक सुरक्षित, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. जाड निओप्रीन स्प्रिंगसारखे मूठ उघडू पाहते आणि वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्यात त्या जोराविरुद्ध बोटे मिटावी लागतात. तासाभरात कोपराखालचे स्नायू थकतात. शिवाय तळव्याखालचे बुडबुडे दांड्यावर दाबले जाऊन तेथील ऊब तशीही कमी होते. यासाठी तळव्याकडे पातळ व पाठीकडे जाड, आणि बोटे आधीच वळवून शिवलेले मोजे पसंत करावेत.

चार बोटांना एकच कप्पा असलेले मोजे त्याच जाडीच्या पाचबोटी मोज्यांहून उबदार असतात, कारण बोटे परस्परांना ऊब देतात. त्यांनी पट्टा ओढता येतो, बारीक बक्कल मात्र उघडत नाही.

माप व शिवण

मोजा सैल असेल तर पाणी आतबाहेर करते. घट्ट असेल तर रक्तप्रवाह अडतो आणि पाच मिलिमीटरचा मोजाही थंडगार वाटतो. दुकानात मोजा घालून मूठ मिनिटभर आवळून धरावी. बोटांच्या टोकाशी पोकळी राहू नये, बेचकीत कापड ताणले जाऊ नये, मनगटाशी दाब जाणवू नये. शक्य असल्यास वल्ह्याचा दांडाच हातात घेऊन पाहावा. शिवण चिकटवून, सुई आरपार न जाऊ देता घातलेली असावी; साध्या शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. बाहेरून गुळगुळीत रबर असलेल्या मोज्यावरून पाणी ओघळून जाते व वाऱ्याने हात कमी गारठतात, परंतु खडकावर ते लवकर फाटतात.

पोगी

पोगी म्हणजे वल्ह्याच्या दांड्यावरच बसवलेली पिशवीवजा खोळ. तीत उघडा हात घालून दांडा धरतात. पकड अस्सल राहते आणि कोपराखालचे स्नायू थकत नाहीत. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर तो हातातील ऊब खेचून घेतो. लाकूड वा कार्बन फायबर बरे. मात्र वल्हे सुटताच हात उघडे पडतात आणि नेमके तेव्हाच नाव उलटलेली असते. म्हणून अनेक अनुभवी नाविक पोगीच्या आत पातळ मोजेही घालतात.

कोणताही मोजा घेतल्यावर तो घालून उथळ पाण्यात, सोबती जवळ असताना, नाव मुद्दाम उलटवावी आणि स्प्रे स्कर्टचा पट्टा डोळे मिटून ओढून पाहावा. पट्टा सापडत नसेल तर त्या मोज्याची ऊब व्यर्थ आहे.

वापर व निगा

ओल्या, गारठलेल्या हातांनी मोजे चढत नाहीत. ते काठावरच घालावेत. कोरडी जादा जोडी जलरोधक पिशवीत ठेवावी. डोके व धड उबदार ठेवल्यास बोटांकडील रक्तप्रवाहही बरा राहतो. वापरानंतर मोजे गोड्या पाण्याने धुऊन, उलटे करून सावलीत वाळवावेत. उन्हाने रबर कडक होते. निओप्रीनमधील थायोयुरिया गटातील रसायनांमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते.

भारतातील वापर

कोलाड येथील कुंडलिका नदीत राफ्टिंग करताना ऊब देणाऱ्या मोज्यांची गरज पडत नाही. लडाखमधील झंस्कार नदीत स्थिती वेगळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर कडक ऊन असते, परंतु नदीत वितळलेल्या बर्फाचे व हिमनद्यांचे पाणी असते, आणि महाराष्ट्रातून जाणारे पर्यटक नेमके याच काळात तेथे पोहोचतात.