शर्कराक्षुधा, प्राण्यांतील
शर्करायुक्त अन्न शोधण्याची व पुरेसे मिळाल्यावर थांबण्याची प्राण्यांची शरीरनियंत्रित प्रवृत्ती. ग्लुकोज हे मेंदूचे मुख्य इंधन असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण ठराविक मर्यादेत राहणे आवश्यक असते. इन्शुलीन व ग्लुकॅगॉन ही अग्निपिंडाची हॉर्मोने हे काम करतात. शर्कराक्षुधा त्यांना पूरक असते.

यवतमाळ जिल्ह्यातील पानगळीच्या वनांत मार्च–एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा मोठा भाग शर्करांचा असतो. अस्वल ही फुले आवडीने खाते. टिपेश्वर अभयारण्यातील वाघाला मात्र त्यांच्या गोडीचे आकर्षण नसते. गोड चवीचा ग्राही टी१आर२ व टी१आर३ या दोन प्रथिनांचा बनलेला असतो. मांजर, वाघ व चित्ता यांच्यात यांपैकी पहिल्याचे जीन निकामी झाल्याचे २००५ मध्ये आढळले.

चव हा नियंत्रणाचा केवळ पहिला टप्पा होय. गोड चव न कळणाऱ्या उंदरांनाही कालांतराने साखरेच्या पाण्याची ओढ लागते, असे २००८ मध्ये दिसून आले. लहान आतड्याच्या अस्तरातील कोशिका (पेशी) ग्लुकोज ओळखतात आणि प्राणेशा तंत्रिकेद्वारे मस्तिष्क स्तंभाला संदेश पाठवितात. कृत्रिम गोड पदार्थाने हा संदेश निर्माण होत नाही, हे २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले. उलट, शर्करेचे सेवन वाढले की यकृत एफजीएफ २१ हे हॉर्मोन स्रवते. ते मेंदूवर क्रिया करून गोड खाण्याची इच्छा कमी करते. प्रथिने व मेद यांचे सेवन मात्र त्यामुळे घटत नाही. उंदीर व माकडे यांच्यावरील हे निष्कर्ष २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत परिस्थिती वेगळी असते. गाय, बैल, शेळी यांनी खाल्लेली बहुतेक शर्करा जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव आंबवितात. यकृत मुख्यतः त्यातून मिळणाऱ्या प्रोपिऑनिक अम्लापासून ग्लुकोज तयार करते. खळ्यावरील ज्वारी किंवा मळी यांसारखे सहज आंबणारे खाद्य एकाएकी भरपूर मिळाल्यास जनावर ते अधाशीपणे खाते. मग लॅक्टिक अम्ल साचून पोट तडस लागल्यासारखे होते, शरीरातील पाणी घटते आणि भूक मंदावते. परंतु तोवर घातक मात्रा पोटात गेलेली असते व वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. यामुळे असे खाद्य थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवितात व धान्याचा साठा गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवतात.