जॉयस हॅटोंच्या सीडी आणि कानसेन

शोपँ, लिस्ट, राखमानिनोव्ह यांच्या पियानोसंगीतावर जीव टाकणारे रसिक जगभर विखुरलेले आहेत. शेजारपाजारी असा समानधर्मा मिळणे कठीण. इंटरनेटने ती अडचण दूर केली आणि अमक्याचा मझुर्का ऐका, तमक्याचे एत्युद ऐका, असे हे कानसेन एकमेकांना हौसेने लिहू लागले. २००० नंतरच्या काही वर्षांत या लिहिण्यातूनच जॉयस हॅटो हे नाव वर आले.

हॅटो या १९२८ साली जन्मलेल्या इंग्लिश पियानोवादक. त्यांचे जाहीर कार्यक्रम १९७०च्या दशकातच थांबले होते. पुढे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांच्या छोट्या कंपनीने त्यांच्या नावाने शंभराहून अधिक सीडी काढल्या. कर्करोगाशी झुंजणारी वृद्धा घरात बसून इतके अवघड संगीत इतके निर्दोष वाजवते, ही हकीकत सीडीबरोबरच पसरली. रसिकांमागून समीक्षकही आले. २००६ साली हॅटो वारल्या तेव्हा त्या जवळजवळ दंतकथा झाल्या होत्या.

२००७च्या फेब्रुवारीत एका श्रोत्याने त्यांची लिस्टच्या अतिकठीण एत्युदांची सीडी संगणकात घातली. पडद्यावर नाव आले लास्लो सिमोन यांचे! संगणक काही संगीत ऐकत नाही. सीडीवर किती तुकडे आहेत आणि प्रत्येक किती लांबीचा, एवढेच तो सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजतो आणि साठवलेल्या यादीशी ताडून पाहतो. मग जाणकारांनी ध्वनिलहरींचे आलेख एकावर एक ठेवले. बहुतेक एत्युदे सिमोन यांचीच निघाली.

त्याच सुमारास लंडन विद्यापीठातले संशोधक शोपँच्या मझुर्कांवर काम करीत होते. त्यांचा विषय होता ‘रुबातो’. आपला गवई ठेका कायम ठेवून मात्रा मागेपुढे करीत समेवर येतो, काहीसे तसेच. शोपँ शिष्यांना सांगे म्हणतात, की डावा हात ताल सांभाळील, उजवा मोकळा राहू द्या. ही ओढाताण ज्याची त्याची असते. एकच वादक दुसऱ्यांदा वाजवतानाही ती हुबेहूब जमत नाही. संशोधकांनी अनेक वादकांच्या मात्रा मोजल्या, तेव्हा हॅटो आणि यूजीन इंजिक यांचे आलेख तंतोतंत जुळले. म्हणजे दोन वादक नव्हतेच.

तेव्हा बरेच लोक रसिकांना हसले. मला ते हसणे अन्यायाचे वाटते. त्यांनी ज्या वादनाला दाद दिली ते वादन खरोखरच उत्तम होते. कान चुकले नव्हते. प्रश्न वेगळाच आहे. हीच ध्वनिमुद्रणे सिमोन किंवा इंजिक यांच्या नावावर असताना एवढी वाहवा का झाली नाही? राखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचे येफिम ब्रॉन्फमन यांनी केलेले वादन एका समीक्षकाला आधी बेताचेच वाटले होते. तेच हॅटोंच्या नावाने आल्यावर त्याने ते उचलून धरले. आजारपणाची कहाणी माहीत असली की मंद लयीत वेदना ऐकू येते. संगीताबरोबर आपण माणूसही ऐकत असतो, आणि तबकडीवर तो माणूस दिसत नाही. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. हल्ली आपण ती ऐट म्हणून कौतुकाने ऐकतो. पण तबकडीतला आवाज कोणाचा, हे त्यामुळे तबकडीच सांगे.

बॅरिंग्टन-कूप यांनी नंतर सिमोन यांच्या स्वीडिश कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कबुली दिली. वाजवताना पत्नीच्या तोंडून वेदनेचे हुंकार निघत, ते झाकण्यासाठी इतरांच्या वादनाचे तुकडे जोडायला सुरुवात केली, असा त्यांचा खुलासा. तो मला पटत नाही. हुंकार झाकायला दुसऱ्याचा अख्खा कॉन्चेर्टो, ऑर्केस्ट्रासकट, लागत नाही. आणि त्या सीडींवर ऑर्केस्ट्राचा संचालक म्हणून छापलेला रेने कोलर नावाचा माणूस तर अस्तित्वातच नव्हता. कंपनीने खटला भरला नाही.

हॅटोंचे स्वतःचे वादन ऐकायचे असेल तर या सीडी सोडून त्यांच्या जुन्या एलपींकडे जावे लागते. अर्नोल्ड बॅक्सच्या ‘सिम्फॉनिक व्हेरिएशन्स’ची १९७०च्या सुमाराची एलपी त्यांपैकी एक. तिच्यावर ऑर्केस्ट्रा आहे गिल्डफर्डचा, संचालक व्हर्नन हँडली, आणि पियानोवर हॅटोच आहेत.