गेरहार्डसेन यांचा पदत्याग

नॉर्वेचे मुख्य प्रधान आयनार गेरहार्डसेन हे पूर्वीं रस्त्यावरील मजूर होते. जर्मन अंमलांत बंदिवास भोगून १९४५ सालीं ते अधिकारारूढ झाले. मध्यंतरींचा काळ वगळतां सुमारें सतरा वर्षें त्यांनीं राज्यशकट हांकला. परंतु त्यांच्या कारकीर्दींतील अत्यंत विचारणीय प्रसंग पराभवाचाच होय. १९६२ सालीं स्वालबार्ड द्वीपसमूहांतील सरकारी कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखीं पडले. खाणीच्या व्यवस्थेंत हयगय झाल्याचा ठपका येऊन पुढील वर्षीं विधिमंडळानें अविश्वास दर्शविला. मजुरांच्या कैवाऱ्यास मजुरांच्याच मृत्यूपायीं पद सोडावें लागलें! एका लहान समाजवादी पक्षाच्या दोघां सभासदांचीं मतें त्यांत निर्णायक ठरलीं. नवल हें कीं, त्याच दोघांनीं नवें मंत्रिमंडळही चार आठवड्यांत पाडलें. गेरहार्डसेन परतले व १९६५ पर्यंत प्रधानपदीं राहिले.