दहावा माणूस

यहुदी धर्माच्या परंपरागत रीतीप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांच्या मेळाव्यास ‘मिनियान’ असें नांव आहे. नऊच जण जमले, तर प्रत्येकानें आपापली प्रार्थना खुशाल म्हणावी. परंतु तोराहची गुंडाळी उघडून सभेंत वाचतां येत नाहीं, आणि ज्याचा बाप वारला आहे अशा मुलाला त्याच्या नांवें ‘कद्दीश’ म्हणतां येत नाहीं. समाज मोठा असतां हा नियम कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. समाज विरळ झाला, कीं दहावा माणूस कोठून आणावा, ही खरीखुरी विवंचना होऊन बसते.

नवी मुंबई आणि तिच्या कडेचें पनवेल येथील बेने इस्राएल कुटुंबांविषयीं मी आज बोलणार आहे. हे लोक या बाजूला नवे नाहींत. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें व त्यांतून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असें ते परंपरेनें मानतात. कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गांवकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें त्यांचीं गांवें सांगतात, आणि त्यांच्या घरांतली भाषा मराठीच. पनवेलचें बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचें आहे. नवें शहर वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना झाली ती १९७० मध्यें. म्हणजे प्रार्थनामंदिर शहराहून सवाशें वर्षांनीं वडील!

इस्राएलचें राष्ट्र १९४८ मध्यें स्थापन झालें आणि पुढील कांहीं दशकांत या समाजाचा फार मोठा भाग तिकडे गेला. २०११ च्या खानेसुमारींत साऱ्या महाराष्ट्रांत सुमारें अडीच हजार यहुदी उरले होते.

अशा स्थितींत समाजाचा संसार चालवितो कोण? हझ्झान, मुकादम व गबाई हे जुने मानकरी आहेतच. परंतु एखाद्या सेवाभावी संस्थेंत पगारी काम करणारा तरुण कार्यकर्ता या मंडळींत आला, तर त्याचा उपयोग कांहीं निराळाच होतो. दिवसभर तो आरोग्यशिबिरांच्या याद्या व खर्चाचीं पत्रकें तयार करीत असतो. तीच विद्या येथें लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें देऊळ, मठ व अग्यारी यांच्या जोडीला सिनेगॉगचेंही नांव घेतलें आहे, तेव्हां हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर गेले पाहिजेत. राज्य सरकारनें २०१६ मध्यें यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. तिचा लाभ घ्यावयाचा तर अर्ज भरणारा कोणी तरी हवा. एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस, दफनभूमीची साफसफाई, मुलांना हिब्रू अक्षरओळख, नवसाच्या मलिद्यासाठीं पोहे, नारळ व फळें आणणें — हें सारें वरकड कामांत जमा. (यांतलें निम्मेंअधिक काम स्त्रिया करितात आणि तरीही दहांच्या मोजणींत त्या येत नाहींत, ही गोष्ट मला तरी खटकते.)

अशा तरुणाचा पूर्वज शोधावयाचा तर हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्याकडे पाहावें. विशी नुकतीच ओलांडली असतां, १८५३ मध्यें, त्यांनीं आपल्या भावांसह समाजाच्या शिक्षणासाठीं एक हितकारक मंडळी काढली. १८७५ मध्यें मुंबईंत शाळा उघडली. त्यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला. ती शाळा पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें माझगांवांत नांदूं लागली, आणि आज तेथें शिकणारीं बहुतेक मुलें मुसलमान घरांतलीं आहेत. किहीमकरांना याचें वाईट वाटलें असतें, असें मला वाटत नाहीं.

तथापि किहीमकरांपुढें नव्हता असा एक प्रश्न आजच्या तरुणापुढें आहे. त्याचे चुलते, मावशी, कदाचित् सख्खी बहीणही इस्राएलांत आहे. त्यानें जावें, तर येथें नऊच उरतील. राहावें, तर आपल्या मुलांना सोयरीक कोठें मिळणार, ही चिंता. थोर मंडळी त्याला कर्तव्याची आठवण देतात तेव्हां एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्यांचींच मुलें बहुधा आधीं गेलेलीं असतात.

मधून मधून मात्र उलट वाटेनेंही माणसें येतात. लग्नकार्याला, पूर्वजांचीं थडगीं पाहावयाला, किंवा अलिबागजवळच्या खंडाळ्यास एलियाहू पैगंबराच्या खडकापाशीं नवस फेडावयाला इस्राएलांतले आप्त कोंकणांत उतरतात. म्हणून सणाच्या आदल्या दिवशीं हा कार्यकर्ता घरोघर दूरध्वनि करूं लागला, कीं नमस्कारापाठोपाठ पहिला प्रश्न विचारतो : “काका, तुमच्याकडे कोणी पाहुणा उतरला आहे काय?”