रस्त्यावरची रेस धावपट्टीवर कशी गेली?
मंडळी, ड्रॅग रेसमध्ये वळणं नसतातच. दोन गाड्या आणि सरळ पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. आधी पोहोचला तो जिंकला!

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं घरीच खोलून भररस्त्यात अशा शर्यती लावायची. अपघात व्हायचे, पोलीस मागे लागायचे आणि बदनामी सगळ्याच कार क्लबांची व्हायची.

1950 मध्ये सी. जे. हार्ट यांनी सोबत्यांसह सांता अ‍ॅनाच्या विमानतळावरची एक धावपट्टी रविवारपुरती मिळवली. तिकीट 50 सेंट, बघणाऱ्याला आणि पळवणाऱ्यालाही! हार्ट यांच्या पत्नी पेगी स्वतःही रेसमध्ये उतरायच्या, बरं का.

1959 मध्ये तिथली शर्यत बंद झाली. आज त्या जागी जॉन वेन विमानतळ आहे.