वाशिमात लागलेलं लग्न

राजशेखराची 'काव्यमीमांसा' 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतला पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली, आणि वाशिमचं काव्याशी असलेलं एक फार जुनं नातं पुन्हा अभ्यासकांसमोर आलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला प्रेमाने बांधून ठेवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागे धाडते. मुलूख बदलला की तिचा वेश बदलतो, विभ्रम बदलतात. तो मात्र पुरता वळत नाही. दक्षिणेत ती नृत्य, गीत, वाद्य यांचं सारं वैभव दाखवते. हीच नाट्यशास्त्रातली कैशिकी वृत्ती. इथे तो सर्वस्वी तिचा होतो, आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. काव्याला जिंकलं ते नृत्याने, आणि तेही या मातीत!

पुढचा शोध वाशिम जिल्ह्यातल्याच कारंज्यात लागला. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा कारंज्याच्या जैन भांडारांत काय दडलंय ते बाहेरच्या जगाला कळलं. कापडी वेष्टनांतल्या त्या पोथ्यांमुळे पुष्पदंत या जैन कवीची अपभ्रंश भाषेतली काव्यं छापून आली: 1931 मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेलं 'जसहरचरिउ', 1933 मध्ये हिरालाल जैनांचं 'णायकुमारचरिउ'. (हे हिरालाल वेगळे, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे.) मराठीची घडण समजून घ्यायची तर या अपभ्रंशाला वळसा घालून चालत नाही. पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या त्या घरांचे आणि मंदिरांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

मग 1939 साल. वाशिममध्ये वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. गावाला दिलेल्या सवलतींत फुलं आणि दूध सक्तीने घेऊ नये असं एक कलम आहे, आणि तिथे दुधासाठी शब्द आलाय 'खीर'. आपल्या सणाच्या पानातली खीर ती हीच! वासुदेव विष्णु मिराशींनी हा ताम्रपट अभ्यासला, आणि त्याच्या आधारे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात सर्वसेनाचं नाव लागलं. हा सर्वसेन वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष आणि 'हरिविजय' या प्राकृत महाकाव्याचा कर्ता. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, त्याची ती कथा. मूळ काव्य हरवलं. अलंकारशास्त्रकारांनी उदाहरणं म्हणून घेतलेले श्लोक तेवढे उरले. मिराशींचा वाकाटक लेखांचा मोठा खंड 1963 साली आला.

काव्याबरोबर वाशिमला उपचाराचीही परंपरा आहे, पण ती ग्रंथापेक्षा कथेत जास्त जगली. इथल्या पद्मतीर्थ तलावात स्नान करून वासुकी राजाचं कुष्ठ गेलं, असं वाशिमात सांगतात. ही कथा वैद्यकाच्या अभ्यासकाने बसून ऐकायला हवी असं मला फार वाटतं.

नृत्याच्या वाटेने मात्र आपण अजून वाशिमला पोहोचलेलोच नाही. कैशिकीची व्याख्या विद्यार्थिनी परीक्षेसाठी पाठ करतात, पण साहित्यविद्येच्या लग्नाचं गाव त्यांना कुणी सांगत नाही. 'हरिविजया'तले सत्यभामेच्या रुसव्याचे ते उरलेले श्लोक पद्मतीर्थाच्या काठी एका संध्याकाळी कुणीतरी गावेत, आणि एखाद्या मुलीने त्यावर अभिनय करावा.